रनिंगच्या प्रॅक्टिसला हलके, पातळ सोलचे शूज वापरावेत का? सोलापुरात कुणी वापरतंय का?

जुळे_सोलापूर_३७

नमस्कार मंडळी, थोडं सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरंपण अर्धवट येतात.

वय ३७, वजन ८१, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे म्हणजे दिवसभर खुर्चीत. पळायला लागून दोन वर्षं झाली. आठवड्यातनं चार दिवस, सगळे मिळून तीसेक किलोमीटर होतात, सकाळी साडेपाचला जुळे सोलापुरातनं निघायचं, विजापूर रोडनं कंबर तलावापर्यंत जायचं आणि परत. दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात, त्यातली बरी २ तास १२ मिनिटांची. शूज आपले नेहमीचे जाड सोलचे, किचनच्या काट्यावर ठेवून बघितलं तर एकेक २९० ग्रॅम भरला, आणि टाचेचा भाग पुढच्यापेक्षा १० मिलीमीटर उंच आहे असं डब्यावर लिहिलंय.

तर आमच्या पहाटेच्या ग्रुपमधला एक मित्र गेले दोन-तीन महिने मागं लागलाय की हे गाद्यागिरद्या फेक, पाय आळशी झालेत तुझे, पातळ सोलचे घाल, आपले आजोबा शेतात अनवाणीच हिंडायचे, त्यांचे गुडघे दुखले का कधी. मला ते पटलं. ऑनलाइन मागवले. एक बूट १६५ ग्रॅम, सोल इतका पातळ की गुंडाळी करून खिशात बसेल, टाच आणि पंजा एकाच लेव्हलला. रविवारी घातले आणि अंगात वारं भरल्यासारखं वाटलं, खरंच सांगतो, ८ किलोमीटर कधी झाले कळलं नाही, वेळ पण नेहमीपेक्षा चांगली आली.

सोमवारी सकाळी पलंगावरनं पाय खाली ठेवला आणि पोटऱ्या अशा आवळल्या की भिंत धरून बाथरूमपर्यंत गेलो. जिना उतरताना तर उलटं उतरावं लागलं. आज गुरुवार, पोटऱ्या आता मोकळ्या झाल्यात पण उजव्या टाचेच्या मागं जी जाड शीर असते तिथं सकाळी उठल्यावर ताठरपणा आहे, दहा मिनिटं चाललं की जातो.

माझे प्रश्न असे की हे सुरुवातीचं दुखणं म्हणून सोसायचं का हा इशारा आहे? प्रॅक्टिससाठी हे वापरावेत का फक्त रेसच्या दिवशी? आणि आपल्या सोलापूरच्या रस्त्यांवर, म्हणजे निम्मा काँक्रीट, निम्मा खड्डे, कडेला खडी, हे चालतं का? इथं कुणी खरोखर वापरलेत त्यांनीच सांगा, व्हिडिओ बघून सांगू नका, ते मी पण बघितलेत.

पहाटेचा_गडी

भावा पहिलं काम, ते शूज पंधरा दिवस कपाटात ठेव. टाकून देऊ नकोस, ठेव.

मी तीन वर्षं वापरतोय आणि मला लई फायदा झाला, म्हणून मी त्यांच्या बाजूनंच बोलणार, पण तू जे केलंस ते नव्वद टक्के लोक करतात आणि मग म्हणतात हे शूजच बेकार. दहा मिलीमीटर उंच टाचेवर तुझा पाय दोन वर्षं, आणि ऑफिसचे शूज धरले तर वीस वर्षं सवयीचा झालाय, म्हणजे पोटरी आणि मागची शीर तेवढी आखूडच राहून काम करते. ती उंची एका दिवसात काढून घेतलीस आणि वर ८ किलोमीटर पळालास. आठ किलोमीटरमध्ये पावलं किती पडतात हिशोब कर, आठ हजारच्या वरच जातात, प्रत्येक पावलाला ती शीर रबरासारखी ताणली गेली.

माझं सांगतो. मला डाव्या गुडघ्याचा त्रास होता, वाटीच्या खाली. मी आधी एक महिना फक्त चालायला घातले, भाजी आणायला, पोराला शाळेत सोडायला. घरात पूर्ण अनवाणी, चप्पल बंद. मग नेहमीच्या शूजमध्ये रन संपवायचा आणि शेवटी शूज बदलून मातीवर पाच मिनिटं पळायचं, तेही आठवड्यातनं दोनदा. दोन-तीन आठवड्यांनी पाचाची सात मिनिटं, असं करत करत अर्धा तास सलग पळायला मला साधारण आठ महिने लागले. मधे एकदा दिवाळीच्या सुट्टीत उत्साहात वाढवलं तर पोटरी धरली, परत मागं आलो. गुडघा मात्र त्यानंतर दुखला नाही. का? माझ्या मते पाऊल छोटं झालं म्हणून. जाड सोलमध्ये मी पाय लांब पुढं टाकून टाचेवर आपटायचो आणि कळायचं नाही. पातळ सोलमध्ये असं एकदा आपटलंस की डोक्यापर्यंत हादरा जातो, मग पाय आपोआप शरीराच्या खाली पडायला लागतो.

हे मनाचं नाही सांगत, हार्वर्डच्या लीबरमन सरांचा २०१० साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर आला होता, जे लोक जन्मापासून अनवाणी पळतात ते बरेचदा पंज्यावर उतरतात आणि कडक जमिनीवर पण त्यांना तो पहिला धक्का कमी बसतो, शूज घालून टाचेवर उतरणाऱ्यांपेक्षा. आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकला इथिओपियाचा अबेबे बिकिला अख्खी मॅरेथॉन अनवाणी पळून गोल्ड घेऊन गेला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, वर्ल्ड रेकॉर्ड. पायात ताकद असली की होतं.

४२_दशांश_२

पहाटेच्या गड्याचं बाकी सगळं मान्य, पण बिकिलाचं उदाहरण दर वेळी अर्धंच सांगितलं जातं म्हणून लिहायला बसलो.

तोच बिकिला चार वर्षांनी १९६४ ला टोकियोत पळाला, आणि या वेळी पायात शूज होते, मोजे पण होते. वेळ आली २ तास १२ मिनिटं ११ सेकंद, म्हणजे अनवाणीपेक्षा तीन मिनिटांनी चांगली, परत वर्ल्ड रेकॉर्ड, आणि तेही अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला नव्हता तेव्हा. आता यावरनं शूजमुळंच तीन मिनिटं वाचली असंही मी म्हणणार नाही, चार वर्षांत माणूस बदलतो, रस्ता वेगळा असतो. पण अनवाणीच्या बाजूनं पुरावा म्हणून रोम सांगायचं आणि टोकियो गाळायचं हे बरोबर नाही. शिवाय तो लहानपणापासून डोंगरात बिनचपलेचा वाढलेला. आपण बाटाचे शाळेचे काळे शूज घालून वाढलो.

लीबरमन सरांच्या त्या पेपरात पण धक्क्याचं मोजमाप आहे, दुखापती कमी होतात असं त्यात सिद्ध केलेलं नाही. धक्का कमी आणि दुखापत कमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं, प्रश्नात एक घोळ आहे जो सगळेच करतात. हलका आणि पातळ हे एकच नाही. हलक्या शूजचा फायदा खरा आहे, एका बुटाला १०० ग्रॅम वजन वाढलं की पळताना साधारण १ टक्का ऑक्सिजन जास्त लागतो, हे बऱ्याच वर्षांपासून माहिती आहे. दादा, तुमचे २९० आणि १६५, म्हणजे सव्वा टक्क्याचा फरक, म्हणून रविवारी अंगात वारं भरलं. पण ते वारं वजन कमी झाल्याचं होतं, सोल पातळ झाल्याचं नव्हतं. आज जगातले सगळ्यात वेगवान लोक जे घालतात ते हलके आहेत आणि भरपूर जाड आहेत. इतके जाड की वर्ल्ड ॲथलेटिक्सला २०२० मध्ये नियम करावा लागला, रोड रेसला सोलची जाडी ४० मिलीमीटरच्या वर नको म्हणून. केनियाचा केल्विन किप्टुम २०२३ ला शिकागोत मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत पळाला तो असल्याच जाड आणि हलक्या बुटात.

त्यामुळं तुम्हाला रेसला हलकं हवं असेल तर दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमचा साधा, थोडा फोम असलेला शू घ्या, टाच सहा-आठ मिलीमीटर उंच. त्यात तुमचं काम होतंय. हाफ मॅरेथॉन पातळ सोलमध्ये काँक्रीटवर कशाला काढायची? मी तर ट्रेनिंगलाही फुल गादीच वापरतो, आठवड्याला ६० किलोमीटर होतात, आणि मला काही झालेलं नाही.

फिजिओ_होटगी_रोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, होटगी रोडला क्लिनिक आहे, आणि हा प्रश्न घेऊन महिन्याला दोन-तीन जण तरी येतात म्हणून जरा नीट लिहिते. दादा, तुम्ही टाचेमागच्या शिरेबद्दल जे लिहिलंय तेवढ्यापुरतंच आधी सांगते. सकाळचा ताठरपणा आणि चालल्यावर मोकळं होणं हे अकिलिस टेंडनवर ताण आल्याचं लक्षण आहे. घाबरायचं कारण नाही पण सोसून पळायचंही कारण नाही. जुन्या शूजमध्ये सपाटीवर हळू पळा, चढ आणि स्पीड दोन आठवडे बंद.

आता मुख्य गोष्ट. पळताना शरीरावर जो भार येतो तो शूज बदलल्यानं नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. जाड टाचेच्या शूजमध्ये टाचेवर उतरलं की गुडघ्याला जास्त काम पडतं. पातळ, सपाट शूजमध्ये पंज्यावर उतरलं की गुडघ्याचं काम कमी होतं आणि ते पोटरी, अकिलिस आणि पंज्याच्या लांब हाडांवर जातं. म्हणून वरच्या दादांचा गुडघा बरा झाला हे मला अगदी खरं वाटतं, आणि तुमची पोटरी धरली हे पण तितकंच खरं. गुडघ्याचा जुना त्रास असणाऱ्याला मी स्वतः कधी कधी हळूहळू कमी उंचीच्या टाचेकडं नेते. अकिलिसचा त्रास असणाऱ्याला उलट टाच उंच देते.

मला सगळ्यात काळजी वाटते ती हाडांची, कारण पोटरी ओरडून सांगते, हाड लवकर सांगत नाही. अमेरिकेत २०१३ साली एक अभ्यास छापून आला. ३६ सरावातले रनर घेतले, त्यातल्या १९ जणांना त्या पाच बोटांच्या मोज्यासारख्या शूजवर १० आठवड्यांत हळूहळू आणलं, बाकीचे आपल्या नेहमीच्या शूजमध्येच. आधी आणि नंतर पायांचा एमआरआय काढला. १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडात सूज वाढलेली दिसली. आणि हे एकदम सुरुवात केलेले नव्हते बरं का, दहा आठवडे घेऊन केलेले होते. ज्या कंपनीनं असले शूज पाय मजबूत होतात, दुखापत टळते म्हणून विकले तिच्यावर तिकडं केस झाली आणि २०१४ ला साडेसदतीस लाख डॉलर देऊन मिटवावी लागली. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, टेंडन आणि हाड यांना महिने लागतात. तुमचा दम आणि उत्साह त्यांच्या कितीतरी पुढं पळत असतो.

घरी आत्ता करून बघा. उजव्या पंज्याच्या वरच्या बाजूला बोटांच्या मागं जी लांब हाडं हाताला लागतात, ती एकेक करून अंगठ्यानं दाबा, विशेषतः दुसरं आणि तिसरं. एका ठिकाणी, एका रुपयाएवढ्या जागेत टोचल्यासारखं दुखलं तर पळणं बंद आणि दाखवून घ्या, एक्सरे सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो हे लक्षात ठेवा. सगळीकडं थोडं थोडं दुखत असेल तर ती नुसती थकावट आहे.

आणि पाय खरंच मजबूत करायचेत ना, तर त्याला शूज विकत घ्यायलाच लागत नाहीत. तुम्ही टॉवेलच्या कारखान्यात आहात, एक टॉवेल फरशीवर पसरा, खुर्चीत बसा, टाच खाली टेकलेली ठेवून फक्त बोटांनी टॉवेल स्वतःकडं ओढत आणा. सुरुवातीला बोटं वळणारच नाहीत, तळव्यात गोळा येईल, तिथं थांबायचं. सोबत पायरीच्या कडेला उभं राहून एका पायावर टाच वर-खाली. एका पायावर सलग पंचवीस वेळा नीट, न हिसडता, झालं की मग मला विचारा पातळ शूजबद्दल. तुम्हाला आज किती होतात ते मोजून इथं लिहाच.

एक राहिलं. ज्यांना शुगर आहे आणि तळव्याला मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे त्यांनी हे वाचून अनवाणी किंवा पातळ सोलचा प्रयोग अजिबात करू नये. काच रुतली तरी कळत नाही, मग जखम चिघळते. घरात चाळीस-पन्नाशीचं कुणी असेल तर त्यांना पण सांगा.

मैदानावरचे_सर

ताईंनी हाडाचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

मी पोलीस भरतीच्या पोरांची तयारी घेतो, बरीच वर्षं झाली. पोरं मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, दक्षिण तालुका इकडनं येतात. निम्मी पोरं शेतात अनवाणी वाढलेली, तळवा असा की सराटा घुसत नाही. १६०० मीटरला २० मार्क असतात, पोरांचं सगळं आयुष्य त्या पाच-साडेपाच मिनिटांवर टांगलेलं असतं.

एक पोरगं होतं, नाव नाही सांगत. गावाकडं बांधानं, गाडीवाटेनं रोज पाच-सहा किलोमीटर अनवाणी पळायचं, कधी काही झालं नाही. शहरात रूम करून राहायला आलं, मैदान लांब म्हणून रूमजवळच्या काँक्रीट रोडवर पळायला लागलं, पायात दोनशे रुपयाचे पांढरे कॅनव्हास. त्यात भरती जवळ आली म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ. मला सांगितलं नाही. पाय वरनं सुजला तरी बाम चोळून पळत राहिलं, कारण घरी काय तोंड दाखवू असं वाटत होतं त्याला. भरतीच्या तीन आठवडे आधी पंज्याचं हाड गेलं. प्लास्टर घातलेला पाय घेऊन मैदानाच्या कडेला बसून दुसऱ्या पोरांचे टायमिंग लिहून घ्यायचं ते, मला अजून ते दिसतं.

आता यात दोष पातळ बुटाचा का? तेच पोरगं बुटाशिवाय पळत होतं की. जमीन बदलली, किलोमीटर दुप्पट झाले, दोन्ही एकाच महिन्यात. जाड शूज घालून आलेल्या पोरांच्या पण नडग्या धरतात, एकदम वाढवलं की. मी आता नवीन पोराला पहिला प्रश्न विचारतो, मागच्या महिन्यात किती पळत होतास आणि कशावर. बूट नंतर बघतो.

जमिनीचं विचारलंय म्हणून सांगतो. आपली काळी माती पावसाळ्यानंतर दोन महिने सोन्यासारखी असते, दाबते आणि परत देते. मार्चनंतर तीच दगड होते, वर भेगा, त्यात पाय मुरगळतो. उन्हाळ्यात आठ वाजताच डांबर तापतं, पातळ सोलमधनं चटका लागतो. आणि दिवाळीनंतर सराटे वाळतात, ते पातळ सोलमधनं आरपार येतात, बाभळीचा काटा तर जाड सोल पण सोडत नाही. नेहरूनगरच्या मैदानावर पहाटे या, आतल्या बाजूनं पळा, काँक्रीटवर नको.

कोजागिरीचा_वाटसरू

मी रनर नाही, वय ६१. पण अनवाणी चालण्याचं थोडं सांगू शकतो म्हणून लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

कोजागिरीला सोलापुरातनं तुळजापूरला चालत जातो, बावीस वर्षं झाली, अनवाणी. ४५ किलोमीटर होतात, रात्रभर चालायचं. पहिल्या वर्षी मी तिशी ओलांडलेला होतो, तब्येत दणकट, नवस बोलला आणि सरळ चप्पल काढून निघालो. तामलवाडीच्या पुढं तळव्याची कातडी फोडासारखी सुटली, शेवटचे दहा-बारा किलोमीटर टाचेवर चाललो, आईचं दर्शन झालं पण परत आल्यावर आठ दिवस पाय टेकवला नाही.

पुढच्या वर्षी आमच्या शेजारच्या अक्कांनी सांगितलं, अरे घटस्थापनेला चप्पल सोड. बायका नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहतात ते मी लहानपणापासून बघत होतो, पण कधी डोक्यात आलं नव्हतं. घटस्थापनेपासून कोजागिरी म्हणजे बरोबर पंधरा दिवस. बाजारात, बँकेत, सगळीकडं बिनचपलेचं. पहिले तीन दिवस प्रत्येक खडा कळतो, पाचव्या-सहाव्या दिवसापासून पाय आपोआप बघून पडायला लागतो, डोळ्यांनी न बघता. त्या वर्षीपासून फोड नाही. म्हणजे नुसतं चालायला पण पाय पंधरा दिवस मागतो. तुम्ही तर पळताय.

तळव्याला कडुलिंबाचं तेल लावायचो मी, भेगा पडत नाहीत.

फिजिओ_होटगी_रोड

काका, तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. पंधरा दिवसांत कातडी तयार होते, आतलं हाड मात्र नाही होत, एवढंच रनर लोकांनी लक्षात घ्या. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना दोन्ही पाय हवेत जातात आणि मग अंगाच्या दुपटीहून जास्त भार एका पायावर येतो. म्हणून चालण्याचा हिशोब पळण्याला लावता येत नाही.

जुळे_सोलापूर_३७

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं.

ताई, काल रात्री सांगितलं तसं केलं. हाडं एकेक दाबून बघितली, कुठंही टोचलं नाही, फक्त तळव्याच्या मधल्या भागात दाबल्यावर दुखतं. टॉवेल ओढायला गेलो तर डाव्या पायानं आला, उजव्या पायाची नुसती अंगठ्याशेजारची दोन बोटं हलली, बाकीची तीन तशीच सरळ, मी बघतच राहिलो. टाच वर-खाली डाव्यावर १९, उजव्यावर ११ नंतर पाय थरथरायला लागला. म्हणजे दोन वर्षं मी एका कमजोर पायावर पळतोय आणि मला पत्ता नाही. शीर पण उजवीच दुखते.

तर ठरवलंय असं, जुने शूज चालू ठेवायचे, तीसचे किलोमीटर वीसवर आणायचे. पातळवाले फक्त संध्याकाळी घरापासून दुकानापर्यंत. पंचवीस-पंचवीस दोन्ही पायांवर होईपर्यंत त्यात पळायचं नाही. ४२ दशांश २ दादा, डिसेंबरमधल्या हाफसाठी तुम्ही म्हणता तसा सव्वादोनशे ग्रॅमचा बघतो, पण दुकानात जाऊन, घालून. मित्राला हा धागा पाठवलाय. तो म्हणाला त्याची पण पोटरी महिनाभर दुखत होती, मला सांगितलं नव्हतं त्यानं.

एकच शंका राहिली, उजव्या पायाला जास्त वेळा करायचं का दोन्हीला सारखंच?

फिजिओ_होटगी_रोड

सुरुवात उजव्यापासून करा, त्याला जितक्या नीट होतात तितक्याच डाव्याला करा, जास्त नाही. एक दिवसाआड, तीन फेऱ्या. सहा आठवड्यांनी परत मोजा.

पहाटेचा_गडी

सहा आठवड्यांनी नेहरूनगरला ये, सरांच्या आतल्या ट्रॅकवर पाच मिनिटं सोबत पळू. पाचच. घड्याळ मी लावतो.